बँकेचा भाव आणि मोहल्ल्याची पत

बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी धामणगावात घरासमोरच्या ओट्यावर बसलो होतो. मामेभावाने मोबाइल पुढे केला. "भाईजान, हे पाहा. महाबँक पंचावन्नच्या आसपास भेटून राह्यली. ग्रुपवर सारे म्हणते शंभरावर जाते. घेऊन टाकू का?" मी काही बोलायच्या आत शेजारी बसलेल्या चाचांनी निकाल देऊन टाकला. बँकेचा शेअर म्हणजे सूद, सूद म्हणजे हराम, विषय खतम. भावाने मोबाइल खिशात घातला. चाचा उठले, आणि उठता उठता मला आठवण करून दिली की सोमवारी त्यांच्यासोबत बँकेत जायचे आहे, केवायसी अडकली आहे.

मला या दोघांशीही भांडायचे आहे. भावाशी थोडे, चाचांशी जास्त. आणि चाचांसारखे बोलणारे जे पंचविशीतले तरुण मला पुण्या-नागपूरच्या आयटी कंपन्यांत भेटतात, त्यांच्याशी सर्वांत जास्त.

एकाला कुणीतरी आकडा दिला आणि तो पळत सुटला. दुसऱ्याने एक शब्द उच्चारला आणि वही मिटली. ही बँक काय आहे, ती कमावते कशातून, तिचा शेअर आज या भावाला का आहे आणि त्या भावात आपल्या मोहल्ल्याचा पैसा किती, हे दोघांपैकी एकानेही विचारले नाही. सुदाबद्दल माझे मत तुमच्यापेक्षा वेगळे नाही. बँकेचा शेअर मी घेतलेला नाही, घेणारही नाही. पण बँक ऑफ महाराष्ट्रचा ताळेबंद मी दर तिमाहीला वाचतो, आणि तुम्हीही वाचावा असे माझे म्हणणे आहे. हराम वस्तूची किंमत समजून घेणे हराम आहे, असे मला अजून कोणत्याही आलिमने सांगितलेले नाही.

तर ही बँक. १६ सप्टेंबर १९३५ रोजी पुण्यात नोंदणी, ८ फेब्रुवारी १९३६ ला कामकाज सुरू. प्रा. वा. गो. काळे आणि धों. कृ. साठे ही संस्थापकांतली प्रमुख नावे. अधिकृत भांडवल १० लाख रुपये. लहान व्यापारी, कारागीर, मराठी मध्यमवर्ग यांची बँक म्हणून ती वाढली. १९ जुलै १९६९ च्या राष्ट्रीयीकरणात ती सरकारची झाली. शेअर बाजारात ती आली २००४ मध्ये, २३ रुपयांना एक शेअर या भावाने.

हा २३ चा आकडा लक्षात ठेवा. कारण सोळा वर्षांनी, २०२० च्या टाळेबंदीत, हाच शेअर दहा रुपयांच्या खाली होता. सोळा वर्षे ज्याने धरून ठेवला त्याचे मूळ मुद्दलही अर्ध्याहून कमी उरले. आणि तिथून चार वर्षांत, जून २०२४ मध्ये, तो सत्तरच्या वर गेला. जून २०२५ मध्ये तो पन्नाशीच्या पुढे होता. भावाच्या ग्रुपवर या वाक्यांपैकी फक्त शेवटची दोन सांगतात.

मधल्या काळात काय झाले? मार्च २०१८ ला या बँकेने दिलेल्या प्रत्येक १०० रुपयांच्या कर्जामागे साडेएकोणीस रुपये थकीत होते. जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिला त्वरित सुधारणा कारवाईच्या चौकटीत टाकले होते, म्हणजे कर्जवाटपावर, विस्तारावर बंधने. २०१६-१७ मध्ये तोटा १,३७३ कोटी, पुढच्या वर्षी १,१४६ कोटी, त्याच्या पुढच्या वर्षी ४,७८४ कोटी. जून २०१८ मध्ये तर पुणे पोलिसांनी एका बांधकाम व्यावसायिकाच्या प्रकरणात बँकेच्या तत्कालीन प्रमुखांनाच अटक केली. पुढे ते आरोपातून मुक्त झाले, पण त्या आठवड्यात बँकेची अब्रू काय उरली होती ते पुण्यात राहणाऱ्यांना आठवत असेल.

मग सरकारने हजारो कोटींचे भांडवल ओतले. इतके की सरकारचा हिस्सा ९० टक्क्यांच्या वर गेला. थकीत कर्जांपैकी काही वसूल झाली, पुष्कळशी निर्लेखित झाली. निर्लेखित म्हणजे माफ नव्हे, वसुली कायद्याने चालू राहते. पण ताळेबंदातून ते कर्ज बाजूला निघते आणि थकबाकीची टक्केवारी सुंदर दिसू लागते. जानेवारी २०१९ मध्ये बँक बंधनांतून बाहेर आली, आणि त्यानंतर तिने जे केले ते कबूल करायलाच हवे. नफा २०१९-२० मध्ये ३८९ कोटी, मग ५५०, मग १,१५२, मग २,६०२, मग ४,०५५, आणि मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात ५,५२० कोटी. ढोबळ थकबाकी १.७४ टक्के, निव्वळ ०.१८ टक्के. ठेवी ३.०७ लाख कोटी, कर्जे २.४० लाख कोटी. शाखा अडीच हजारांहून जास्त. देशाच्या हिशेबाने ही मध्यम आकाराचीच बँक, पण प्रकृती ठणठणीत.

आता भाव. इथे इंजिनीअर असण्याचा एवढाच उपयोग की भागाकाराची भीती वाटत नाही. बँकेचे शेअर सुमारे ७६९ कोटी. ५,५२० ला ७६९ ने भागा, एका शेअरमागे वर्षाचा नफा ७ रुपये आणि थोडे पैसे. भाव ५५ धरला तर नफ्याच्या साडेसात पट. मोठ्या खासगी बँकांना बाजार याच्या दुपटीहून जास्त पट देतो. ग्रुपवरचा "स्वस्त आहे" हा निष्कर्ष इथून येतो, आणि इथेच तो अर्धवट राहतो. बाजार कमी पट देतो कारण त्याला काही गोष्टी आठवतात. मालक सरकार आहे, उद्या एखादी आजारी बँक हिच्या गळ्यात बांधली जाऊ शकते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ३,५०० कोटींचे नवे शेअर विकून सरकारचा हिस्सा ७९.६ टक्क्यांवर आणला. सेबीच्या ७५ टक्क्यांच्या नियमासाठी तेव्हा आणखी शेअर विकणे बाकी होते, आणि नवे शेअर निघाले की भाकरीचे तुकडे आणखी होतात. आणि बँकेचा नफा हा अंदाजावर उभा असतो. कर्ज बुडणार की नाही हे आज कोणालाच पक्के ठाऊक नसते, नफा मात्र आज मोजला जातो. येस बँकेचा शेअर ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० च्या आसपास होता, बाजाराचा लाडका होता. मार्च २०२० मध्ये तिच्या खातेदारांना ५० हजारांपेक्षा जास्त काढता येत नव्हते. म्हणून भावा, शंभर होईल की तीस, ते मला माहीत नाही, आणि तुझ्या ग्रुपवाल्यालाही माहीत नाही. फरक इतकाच की तो फी घेतो.

इथवर भावाचे. आता चाचांकडे येतो, आणि हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

या बँकेचा नफा वाढला कसा, याचे उत्तर एका आकड्यात आहे. मार्च २०२५ मध्ये बँकेच्या एकूण ठेवींपैकी सुमारे ५३ टक्के ठेवी चालू आणि बचत खात्यांत होत्या. सरकारी बँकांमध्ये हे प्रमाण अगदी वरचे. चालू खात्यावर बँक व्याज देत नाही. बचत खात्यावर २०२४-२५ मध्ये देत होती ते अडीच-तीन टक्के. मुदत ठेवीवर मात्र साडेसहा-सातपर्यंत द्यावे लागत होते. आता हिशेब करा. ३.०७ लाख कोटींचे ५३ टक्के म्हणजे १.६३ लाख कोटी. हाच पैसा बँकेला मुदत ठेवींच्या दराने घ्यावा लागला असता, आणि फरक निव्वळ चार टक्के धरला, तर वर्षाचा खर्च साडेसहा हजार कोटींनी वाढला असता. बँकेचा पूर्ण वर्षाचा नफा ५,५२० कोटी. (करापूर्वीचा नफा धरला तर हिशेब थोडा बदलतो, मुद्दा बदलत नाही.)

म्हणजे या शेअरच्या भावाचा पाया स्वस्त पैसा आहे. हा स्वस्त पैसा कोण देते? सरकारी खाती देतात, पगारदार देतात, पेन्शनवाले देतात. आणि आपण देतो. व्याज नको म्हणून बचतीऐवजी चालू खाते उघडणारा दुकानदार आपल्यातच सापडेल. मुदत ठेव करायची नाही म्हणून मुलीच्या लग्नाचे दोन लाख सात वर्षे बचत खात्यात ठेवणारी खाला आपल्यातच सापडेल. मशिदीच्या कमिटीचा, मदरशाच्या ट्रस्टचा पैसा असाच पडलेला असतो. माझ्या अब्बांनी वीस वर्षे चालू खाते चालवले. बँकेने (नाव सांगत नाही) त्यांना एक पैसा व्याज दिले नाही, उलट किमान शिल्लक नाही म्हणून दर तिमाहीला पैसे कापले. अब्बा समाधानी होते, सूद घरात आले नाही. त्यांचा पैसा बँकेने नऊ-दहा टक्क्यांनी दुसऱ्याला दिला, ते व्याज बँकेच्या नफ्यात गेले, तो नफा शेअरच्या भावात गेला. आपण परहेज केला, आणि त्या परहेजाची मलई कुणा दुसऱ्याने खाल्ली.

व्याज बँकेतच सोडून देऊ नका, काढून घ्या आणि सवाबची नियत न ठेवता गरजूंना देऊन टाका, हे देवबंदसह भारतातल्या अनेक दारुल इफ्तांनी कित्येक वर्षांपासून सांगितले आहे. म्हणजे आपल्या उलेमांनी ताळेबंदाचा विचार आपल्यापेक्षा जास्त केला होता. आपण फतव्याचा पहिला शब्द ऐकला आणि उठून गेलो.

ठेवीचे झाले, आता कर्जाचे. बँक पैसा घेते एका मोहल्ल्यातून आणि देते कुठे? २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात याचे उत्तर आहे. तेव्हा मुस्लिम लोकसंख्या १३.४ टक्के होती, आणि बँकांच्या अग्रक्रम क्षेत्रातल्या थकीत-चालू कर्जरकमेत मुस्लिमांचा वाटा पाच टक्क्यांच्याही आत. खात्यांची संख्या तुलनेने बरी, रक्कम मात्र किरकोळ. म्हणजे माणूस बँकेत पोचला होता, पत पोचली नव्हती. काही बँका विशिष्ट वस्त्यांना 'नकारात्मक क्षेत्र' ठरवून तिथे कर्ज टाळतात, हेही त्या अहवालात लिहिलेले आहे. पंतप्रधानांच्या १५ कलमी कार्यक्रमाखाली अल्पसंख्याकांना जे कर्ज गेले, त्याचा फायदा प्रामुख्याने इतर अल्पसंख्याकांना झाला, हेही.

हे वीस वर्षांपूर्वीचे, म्हणाल. तर मामेभावाची गोष्ट सांगतो. स्टेशनकडच्या रस्त्यावर त्याचे दुचाकी-तीनचाकीचे गॅरेज आहे. धामणगाव हे मुंबई-नागपूर मार्गावरचे स्टेशन, यवतमाळची माणसे गाडी पकडायला इथे येतात, कापसाच्या हंगामात जिनिंगकडे वाहनांची रांग लागते. धंदा आहे. त्याला कॉम्प्रेसर, टायर काढायचे मशीन आणि थोडे सुटे भाग भरायला चार लाख हवे होते. मागच्या वर्षी तो एका बँकेच्या शाखेत गेला. अर्ज हातात न घेताच सांगितले गेले की तुमच्या एरियातल्या फाइली वरून पास होत नाहीत. लेखी काही नाही, तोंडी. तो परत आला आणि शेकडा तीनने पैसे उचलले. शेकडा तीन, महिन्याला. वर्षाचे छत्तीस टक्के, चक्रवाढ धरली नाही तरी.

आणि हे चाचांना माहीत आहे! बँकेचे दहा टक्के ते सूद, हराम. सावकाराचे छत्तीस टक्के ती मजबुरी. मोहल्ल्यात या मजबुरीवर कोणी तकरीर केलेली मी ऐकली नाही. मायक्रोफायनान्सचा एजंट दर मंगळवारी बायकांचा गट बसवून हप्ते घेतो, वर्षाला वीस-पंचवीस टक्के पडतात, त्यावरही कोणी बोलत नाही. कारण ती कर्जे बायका घेतात, आणि बायकांचे हप्ते पुरुषांच्या फिकहमध्ये येत नाहीत.

इथे तुम्ही मला अडवणार, आणि अडवायलाच हवे. मग तू काय सांगतोस, व्याजाने कर्ज घ्या? हा तर रिबाचा प्रचार झाला.

मी मुफ्ती नाही. कुणाची गरज कधी इज्तिरारपर्यंत पोचते हे त्याने आपल्या आलिमला विचारावे. पण ज्याला व्याजाचे कर्ज नको, त्याच्यासाठीही ताळेबंद वाचणे हीच पहिली पायरी आहे. रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २००८ मध्ये सरकारला सांगितले होते की व्याजमुक्त वित्तपुरवठ्याला बँकव्यवस्थेत जागा द्या, नाहीतर श्रद्धेपोटी एक वर्ग बाहेर राहतो. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्याच दीपक मोहंती समितीने बँकांमध्ये व्याजमुक्त खिडकी उघडण्याची शिफारस केली. २०१७ मध्ये माहिती अधिकाराच्या उत्तरात रिझर्व्ह बँकेने सांगितले की हा प्रस्ताव पुढे न्यायचा नाही, सर्व नागरिकांना बँकसेवा व्यापक आणि समान उपलब्ध आहेतच. समान! मामेभावाच्या तोंडी नकाराला मी हे उत्तर जोडून ठेवले आहे.

पण प्रश्न आपल्यालाही आहे. २००८ ते २०१७ या नऊ वर्षांत आपण काय केले? एक ठराव, दोन परिषदा, आणि राजन समितीचा तो परिच्छेद भाषणात वाचून दाखवणे. बँकांना त्यांच्या भाषेत सांगितले का, की तुमच्याकडे शून्य टक्क्याने इतका पैसा आमचा पडून आहे, त्याच्या बदल्यात गाडी, मशीन, माल घेऊन नफा जोडून हप्त्याने विकण्याची एखादी योजना चालवा? सांगितले नाही, कारण किती पैसा पडून आहे हे आपल्याला ठाऊकच नव्हते. वही मिटलेली होती.

वही मिटल्याची खरी किंमत मात्र बँकेने नाही घेतली. ती आपल्याच नावाच्या लोकांनी घेतली. बंगळुरूच्या आयएमए कंपनीने 'हलाल गुंतवणूक' म्हणून हजारो मुस्लिम कुटुंबांकडून पैसा घेतला, महिन्याला अडीच-तीन टक्के 'नफा' सांगितला. जून २०१९ मध्ये मालक दुबईला पळाला, जुलैत दिल्ली विमानतळावर पकडला गेला. बुडालेली रक्कम हजारो कोटींत मोजावी लागली. त्याआधी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, हिरा गोल्डच्या प्रमुखांना अटक झाली होती. ते प्रकरण अजून न्यायालयात आहे. आमच्या घरातही असेच एक 'इस्लामी' प्रमाणपत्र ट्रंकेत ठेवलेले आहे, हिरव्या कागदावर, बिस्मिल्लाह छापलेले. खालूंच्या निवृत्तीचे पैसे त्यात गेले. कंपनीचे नाव लिहीत नाही, एजंट आजही आमच्याच सफमध्ये उभा राहतो.

तो कागद मी नीट पाहिला. त्यात वर्षाला ३० टक्के नफा लिहिला होता. कोणत्या धंद्यातून, हे लिहिले नव्हते. लेखापरीक्षकाचे नाव नव्हते. ज्या माणसाने कधी बँकेचा एक ताळेबंद पाहिला असता, त्याला कळले असते की इतका मोठा कारभार, सरकारचे पाठबळ आणि स्वस्त ठेवी असूनही बँक ऑफ महाराष्ट्र कर्ज आणि ठेवींतल्या फरकातून चारच्या आसपास टक्के कमावते. मग सोन्याच्या एका दुकानातून महिन्याला तीन टक्के सर्वांना वाटायला कुठून येणार? हा प्रश्न विचारायला फिकह लागत नाही, भागाकार लागतो. बँकेतल्या ठेवीला निदान ५ लाखांपर्यंत विमा आहे, फेब्रुवारी २०२० पासून. हिरव्या कागदाला काय आहे?

ज्यांना शेअरमध्ये पैसा घालायचाच आहे त्यांच्यासाठी वाट नाही असेही नाही. डिसेंबर २०१० मध्ये मुंबई शेअर बाजाराने तासिससोबत शरिया निर्देशांक काढला. त्यात बँका नसतात, दारू नसते, कर्जाने बुडालेल्या कंपन्या नसतात. टाटा एथिकल फंड कित्येक वर्षे चालू आहे. डिसेंबर २०१४ मध्ये स्टेट बँकेचा शरिया फंड ऐन वेळी पुढे ढकलला गेला, राजकारण झाले, तेही आठवते. हे सगळे माहीत असलेला तरुण मला वऱ्हाडात क्वचित भेटतो. फ्युचर-ऑप्शनमध्ये पन्नास हजार घालवलेले मात्र चौकाचौकात भेटतात, आणि त्यांच्यातले काही तर बँकेचा शेअर हराम असल्याचे मला समजावतात. दर आठवड्याला निफ्टीच्या आकड्यावर लावलेला तो सट्टा कुठल्या खान्यात बसतो, ते त्यांनी चाचांना विचारावे.

मग करायचे काय? मला जे जमते तेवढेच सांगतो.

बँक ऑफ महाराष्ट्र ही महाराष्ट्राच्या राज्यस्तरीय बँकर्स समितीची निमंत्रक बँक आहे. राज्यातल्या सगळ्या बँकांनी कुठल्या जिल्ह्यात, कोणत्या समाजाला किती कर्ज दिले, याचे तक्ते या समितीच्या बैठकांसमोर येतात. अल्पसंख्याकांना दिलेल्या कर्जाचा तक्ताही त्यात असतो. हे कागद गुप्त नाहीत. केंद्र सरकारने अल्पसंख्याकबहुल म्हणून देशातले १२१ जिल्हे निवडले आहेत, त्यांत अकोला आणि अमरावतीही आहेत. तिथे कर्ज पोचते का हे बघण्याची जबाबदारी जिल्ह्याच्या अग्रणी बँकेवर आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा सल्लागार समितीची बैठक तिमाहीला होते. त्या बैठकीच्या आधी मुस्लिमांचा, फक्त 'अल्पसंख्याकांचा' नव्हे, वेगळा आकडा शाखावार मागणारा अर्ज आपल्या तालुक्यातून कधी गेला आहे का? मोर्चे गेले, निवेदने गेली, फोटो छापून आले. शाखावार आकडा मागणारा अर्ज गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

माझ्या ओळखीतले चार-पाच जण या कामाला बसले आहेत. एकाने तक्ते उतरवून घेतले, एकजण माहिती अधिकाराचे मसुदे लिहितो. ठेवी किती आणि कर्ज किती, शाखेशाखेचे हे गुणोत्तर एका नकाशावर टाकायचे आहे, धामणगावपासून सुरुवात. कोडिंगचा भाग दोन रात्रींचा आहे, आकडे मिळवायचा भाग वर्षभराचा. ज्यांना आपल्या गावाचा वाटा उचलायचा असेल त्यांनी उचलावा. शेअरच्या टिपा देणाऱ्या ग्रुपमध्ये जितका वेळ जातो, त्याच्या चौथ्या हिश्शात हे होते.

चाचांबद्दल एक राहिले. सोमवारी मी त्यांना घेऊन बँकेत गेलो. केवायसी झाली. काउंटरवर मी त्यांचे जुने पासबुक दाखवले, २००९ नंतर व्यवहार नसलेले, दादींच्या नावाचे. दहा वर्षे हात न लागलेल्या खात्यातला पैसा रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातो, तो वारसांना मागता येतो, आणि शोधायला 'उद्गम' नावाचे पोर्टल २०२३ पासून आहे, हे त्यांना माहीत नव्हते. अशी किती पासबुके आपल्या घरांतल्या पेट्यांत असतील? चाचा रस्ताभर गप्प होते. घराजवळ आल्यावर म्हणाले, "त्यातलं सूद किती अन् मुद्दल किती, हे वेगळं करून भेटते का रे?" मिळते, म्हटले, उतारा मागायचा, दोन्ही वेगळे लिहिलेले असते. मुद्दल वारसांत वाटायचे, व्याज काढून देऊन टाकायचे. म्हणाले, मग लिहून दे अर्ज.

मामेभावाची फाइलही तयार आहे. आपल्या आलिमला विचारून, महिनाभर घोळवून, त्याने शेकडा तीनमधून बाहेर पडायचे ठरवले आहे. उद्यम नोंदणी झाली, दोन वर्षांचे विवरणपत्र भरले, मशीनचे कोटेशन अमरावतीहून आणले. चार लाख म्हणजे मुद्राच्या किशोर गटात बसते. सूक्ष्म-लघु उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नका, असे रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच बँकांना बजावले आहे, ती ओळ आम्ही अर्जात लिहिली आहे. कर्ज नाकारायचे तर कारण लेखी द्यावे लागते, हीसुद्धा. या वेळी अर्ज टेबलावर ठेवून यायचे नाही, दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्का घेऊनच उठायचे, असे त्याला दोनदा सांगितले आहे. शाखा दहाला उघडते. तो पावणेदहाला तिथे असेल.